अटलांटिकपार विमानप्रवास : मागणीच्या पाहण्या

यूरोप व उत्तर अमेरिका यांदरम्यान विमानाने प्रवास करणारे लोक कोण, ते कशासाठी जातात, किती भाडे देण्यास तयार असतात आणि भाडे, वेळ किंवा सोयी यांत फरक पडल्यास त्यांच्या संख्येत कोणता बदल होईल, यांचा नमुना पद्धतीने घेतलेला शोध म्हणजे अटलांटिकपार विमानप्रवासाच्या मागणीची पाहणी होय. शासकीय सांख्यिकी कार्यालये, विमानतळांची प्राधिकरणे व विमानकंपन्या अशा पाहण्या करतात. त्याचप्रमाणे परिवहन-अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि पर्यटन या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधांसाठी त्या हाती घेतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विद्यार्थ्यांच्या संशोधनाला उपयोगी पडेल अशा दृष्टीने या पाहण्यांचा, त्यांच्या पद्धतींचा व त्यांतून निघणाऱ्या अनुमानांच्या मर्यादांचा विचार केला आहे.

विमानप्रवासाच्या सर्व बाजारपेठांत उत्तर अटलांटिकची बाजारपेठ अभ्यासकांना प्रथमपासून आकर्षित करीत आली, याला कारणे आहेत. दोन्ही किनाऱ्यांवर मोठ्या उत्पन्नाचे समाज असून मध्ये महासागर आहे. रस्ता नाही, रेल्वे नाही. लंडन–न्यूयॉर्क हे अंतर सु. ५,५५० किमी. आहे. आगबोटींची नियमित वाहतूक मागे पडल्यावर समुद्र ओलांडणाऱ्यांची संख्या आणि विमानातील प्रवाशांची संख्या जवळजवळ एकच झाली. मुंबई–पुणे मार्गावरील मागणी मोजताना प्रवासी रेल्वेने गेला, बसने गेला की स्वतःच्या मोटारीने, हा प्रश्न पडतो; अटलांटिकवर तो पडत नाही. शिवाय १९७७ च्या आधीची सु. तीस वर्षे येथील भाडी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या परिषदांत सर्व सभासद कंपन्यांनी मिळून ठरविली जात व शासनांच्या संमतीने अंमलात येत. त्यामुळे एखाद्या वर्षी एखाद्या वर्गाचे भाडे किती होते, हे संशोधकास निश्चितपणे सांगता येई. पुढे एकाच विमानातील शेजारच्या दोन आसनांचे भाडेही निराळे होऊ लागले आणि हे काम कठीण झाले.

*पार्श्वभूमी :* पॅन अमेरिकन कंपनीने जून १९३९ मध्ये बोईंग ३१४ जातीच्या उडत्या बोटींनी न्यूयॉर्कहून यूरोपकडे नियमित प्रवासी सेवा सुरू केली. तिचे एकेरी भाडे ३७५ डॉलर होते. म्हणजे ती सेवा अगदी थोड्यांपुरती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीवरून उडणारी मोठी विमाने आली. मे १९५२ मध्ये ‘पर्यटक’ वर्गाचे व एप्रिल १९५८ मध्ये ‘इकॉनॉमी’ वर्गाचे भाडे लागू झाले. ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट–४ व पॅन अमेरिकनचे बोईंग ७०७ अशी जेट विमाने तीन आठवड्यांच्या अंतराने या मार्गावर आली. याच सुमारास विमानाने अटलांटिक ओलांडणाऱ्यांची संख्या बोटीने ओलांडणाऱ्यांपेक्षा अधिक झाली. जानेवारी १९७० मध्ये बोईंग ७४७ हे रुंद देहाचे विमान न्यूयॉर्क–लंडन मार्गावर आले. एकाच उड्डाणात साडेतीनशेच्या आसपास आसने भरावयाची, हा प्रश्न विमानकंपन्यांपुढे त्यामुळे उभा राहिला आणि मागणीच्या अभ्यासाला नवी निकड प्राप्त झाली.

विद्यार्थी हा या बाजारपेठेचा केवळ अभ्यासक नव्हे, तर तिचा एक महत्त्वाचा घटकही आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या विद्यार्थी-प्रवास परिषदेने आरंभी विद्यार्थ्यांना बोटींनी यूरोपला नेले. पुढे आइसलँडच्या लॉफ्टलेडिर या कंपनीने वरील संघटनेची सभासद नसल्याचा लाभ घेऊन रेक्याव्हीकमार्गे न्यूयॉर्क–लक्सेंबर्ग अशी स्वस्त सेवा चालविली. तिच्या प्रवाशांत तरुणांचा भरणा इतका असे की, ‘हिप्पी विमानकंपनी’ हे टोपणनाव तिला पडले. चार्टर उड्डाणांचे स्वस्त तिकीट मिळविण्यासाठी प्रवासी किमान सहा महिने एखाद्या मंडळाचा सभासद असला पाहिजे व ते मंडळ केवळ प्रवासासाठी काढलेले नसावे, असा नियम होता. तो चुकविण्यासाठी नाना प्रकारची नाममात्र मंडळे निघाली. ब्रिटनमध्ये १९७३ साली हा नियम मागे पडून आगाऊ नोंदणीच्या चार्टर उड्डाणांची पद्धत आली. या काळातील ‘मंडळ-सभासदां’च्या आकडेवारीवरून प्रवाशांच्या आवडीनिवडींचे निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते, हे सांगणे नलगे.

*पाहणीची क्षेत्रे व नमुना :* मागणीची पाहणी तीन ठिकाणी होऊ शकते : विमानात, विमानतळावर व घरोघर. विमानात प्रश्नावली वाटणे सर्वांत सोपे असते. प्रवासी सहा ते आठ तास एका जागी बसलेला असतो व त्याला वेळ असतो. न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणाने १९५० नंतरच्या दशकापासून अशा विमानांतर्गत पाहण्या केल्या. अमेरिकेच्या शासनाने १९८३ पासून आंतरराष्ट्रीय विमानप्रवाशांची पाहणी याच पद्धतीने चालविली. ब्रिटनमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासी पाहणीत मात्र मुलाखतकार बंदरांवर व विमानतळांवर उभे राहून ठराविक क्रमांकाच्या प्रवाशाला थांबवीत व प्रश्न विचारीत. विद्यार्थ्याला विमानात प्रवेश नसतो आणि विमानतळावर परवानगी मिळण्यास महिने लागतात. म्हणून त्याची पाहणी बहुधा विद्यापीठाच्या आवारात, ओळखीपाळखीच्या लोकांत व अलीकडे संगणकीय प्रश्नावलीच्या द्वारे होते. सोय म्हणून निवडलेल्या अशा नमुन्यास सांख्यिकीतील त्रुटीची सूत्रे लावता येत नाहीत. तरीही ती सर्रास लावली जातात.

त्यांतील एक सूत्र प्रबंधांत वारंवार आढळते. ९५ टक्के विश्वासपातळी व ५ टक्के त्रुटी यांसाठी ३८४ उत्तरदाते पुरेत, असे ते सांगते. नमुना यादृच्छिक असेल, तर हे खरे आहे. परंतु समजा, ४०० उत्तरदात्यांपैकी केवळ ३० जणांनी मागील तीन वर्षांत अटलांटिक ओलांडला आहे. मग प्रत्यक्ष प्रवाशांविषयीचे प्रत्येक विधान ३० जणांवर उभे राहते आणि त्रुटी ५ टक्के न राहता सु. १८ टक्के होते. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ४०० हा आकडा असतो व शेवटच्या प्रकरणातील निष्कर्ष तिसांचे असतात. परीक्षकाने प्रथम पाहावयाची गोष्ट हीच.

विमानातील अथवा विमानतळावरील पाहणीत दुसराच दोष संभवतो. तेथे माणसे मोजली जात नाहीत, फेऱ्या मोजल्या जातात. समजा, एका नगरात १०० प्रवासी आहेत. त्यांपैकी ९० जण वर्षातून एकदा जातात व १० जण कामानिमित्त नऊ वेळा जातात. वर्षाच्या एकूण १८० फेऱ्यांपैकी ९० फेऱ्या या दहा जणांच्या असतात. विमानात कोणत्याही दिवशी प्रश्नावली वाटली, तर निम्मे उत्तरदाते व्यावसायिक प्रवासी निघतील, आणि ‘निम्मे प्रवासी व्यावसायिक आहेत’ असे लिहिले जाईल. वस्तुतः ते दहा टक्के आहेत. आसने विकणाऱ्याला पहिला आकडा हवा असतो आणि समाजातील किती लोक प्रवास करतात हे जाणू इच्छिणाऱ्याला दुसरा. दुसरा हवा असल्यास ‘गेल्या बारा महिन्यांत आपण किती वेळा गेलात?’ हा प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला त्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात भार द्यावा लागतो. हा एक प्रश्न गाळला गेल्यामुळे निरुपयोगी झालेल्या पाहण्या थोड्या नाहीत.

एकाच उड्डाणातील प्रवासी परस्परांसारखे असतात, हाही मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. शनिवारच्या रात्रीचे विमान सहलीला निघालेल्यांचे, सोमवार सकाळचे व्यापाऱ्यांचे. वीस उड्डाणांतून प्रत्येकी ५० असे १,००० प्रवासी निवडले व उड्डाणांतर्गत साम्याचा गुणांक केवळ ०·०५ धरला, तरी नमुन्याची परिणामकारकता सु. २९० यादृच्छिक उत्तरदात्यांइतकीच उरते. म्हणून थोड्या विमानांतून पुष्कळ प्रवासी घेण्यापेक्षा पुष्कळ विमानांतून थोडे प्रवासी घेणे श्रेयस्कर. ऋतूचाही तसाच प्रभाव असतो. उन्हाळ्याच्या आरंभी अमेरिकी पर्यटकांची गर्दी पूर्वेकडे जाते व अखेरीस पश्चिमेकडे परतते. एखाद्या सत्रापुरत्या, उदा., ऑक्टोबर ते डिसेंबर, केलेल्या पाहणीवरून वर्षाचे चित्र काढता येत नाही.

कोणाला अटलांटिकचा प्रवासी म्हणावे, हेही वाटते तितके सरळ नाही. १४ मे १९६० रोजी एअर-इंडियाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला सेवा सुरू केली.  मुंबईहून अमेरिकी विद्यापीठाकडे निघालेला विद्यार्थी लंडनला उतरून त्याच अथवा दुसऱ्या विमानाने पुढे जाई, तेव्हा वाहतुकीच्या तक्त्यात तो लंडन–न्यूयॉर्क या टप्प्यावरचा एक प्रवासी होई. त्याची मागणी मात्र ब्रिटनमधील उत्पन्नावर अवलंबून नव्हती. ती अमेरिकी शिष्यवृत्त्यांवर, भारतातील परकीय चलनाच्या नियमांवर आणि मुंबई–न्यूयॉर्क या अखंड भाड्यावर अवलंबून होती. म्हणून पाहणीत विमानाचा टप्पा न विचारता प्रवासाचा मूळ आरंभ व अंतिम मुक्काम विचारावा लागतो. हा भेद न केल्यास मोठ्या बदल-विमानतळांच्या देशांतील लोकांना प्रवासाची अवास्तव हौस असल्याचा भास होतो.

*प्रश्नांची रचना :* ‘भाडे कमी झाल्यास आपण अमेरिकेस जाल काय?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत हमखास असतो आणि त्याचे उत्तर बहुतेकदा होकारार्थी येते. होकार देण्यास काही पडत नाही. किती कमी, केव्हा, किती दिवसांसाठी, मुक्कामाचा खर्च कोणी सोसावयाचा, रजा मिळेल काय, यांपैकी कशाचाच उत्तरदात्याने विचार केलेला नसतो. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे विशिष्ट किंमतीला प्रत्यक्ष खरेदी करण्याची तयारी व क्षमता होय, इच्छा नव्हे. हा भेद पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर शिकविला जातो व प्रश्नावली रचताना विसरला जातो.

यावर काही उपाय सुचविले गेले आहेत. एफ. टॉमस जस्टर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये होय-नाही अशा उत्तरांऐवजी शून्य ते दहा अशी संभाव्यतेची श्रेणी वापरावी असे दाखविले. समजा, २०० जणांपैकी १२० जण ‘जाईन’ म्हणतात. त्यांनाच ‘पुढील बारा महिन्यांत जाण्याची शक्यता दहापैकी किती?’ असे विचारले व सर्व २०० जणांची सरासरी २ आली, तर अपेक्षित प्रवासी ४० होतात. हा अंदाजही कच्चाच असतो. परंतु १२० पेक्षा तो वास्तवाच्या पुष्कळ जवळ असतो. नेदर्लंड्समधील पीटर व्हान वेस्टेनडॉर्प याने १९७६ मध्ये मांडलेली किंमत-संवेदनशीलतेची पद्धतीही विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. तीत भाडे कोठे फार महाग, कोठे महाग पण परवडणारे, कोठे स्वस्त व कोठे संशय येण्याइतके स्वस्त वाटते, असे चार प्रश्न असतात. ती नव्या वस्तूचे भाडे ठरविण्यास ठीक असली, तरी प्रवाशांची संख्या तिच्यातून मिळत नाही.

याहून भक्कम मार्ग पर्यायांतून निवड करावयास लावण्याचा. उत्तरदात्यापुढे दोन-तीन काल्पनिक उड्डाणे ठेवली जातात. एक थेट, सकाळचे व महाग. दुसरे एका थांब्याचे, रात्रीचे व स्वस्त. त्याने एक निवडावयाचे व अशा आठ-दहा निवडी करावयाच्या. त्यांवरून एका तासाची बचत किंवा थेट उड्डाण यांसाठी लोक किती रक्कम मोजतील, हे काढता येते. या विश्लेषणाचा सैद्धांतिक पाया डॅनिएल मॅकफॅडन याने १९७० नंतरच्या दशकात घातला. त्याबद्दल त्याला २००० सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा सहमान मिळाला. सॅन फ्रॅन्सिस्को परिसरातील नव्या रेल्वेला प्रवाशांचा किती वाटा मिळेल, याचा अधिकृत अंदाज १५ टक्के होता. मॅकफॅडन व त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या चालू प्रवासातील प्रत्यक्ष निवडींवरून ६·३ टक्के असा अंदाज केला. प्रत्यक्षात तो ६·२ टक्के निघाला. ही यशस्विता भूमार्गावरील आणि रोजच्या प्रवासातील आहे. वर्षातून एकदाच, कित्येकदा आयुष्यातून एकदाच होणाऱ्या समुद्रापारच्या प्रवासाला ती जशीच्या तशी लागू होईल असे मानता येत नाही.

उत्तरदाता व भाडे देणारा हे एकच आहेत काय, हाही प्रश्न असतो. ब्रिटिश एअरवेजने कंकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या प्रवाशांना, आपल्या तिकिटाला किती पडले असावेत असे वाटते, असे १९८० नंतरच्या वर्षांत विचारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तिकिटे चिटणिसांनी काढलेली, पैसे कंपन्यांनी भरलेले. अनेकांना रक्कम ठाऊकच नव्हती आणि त्यांनी केलेला अंदाज खऱ्या भाड्याहून अधिक निघाला. यानंतर भाडे वाढविले गेले व सेवा फायद्यात आली. येथे पाहणीतून उपयोगी ठरली ती उत्तरदात्यांची माहिती नव्हे, तर त्यांचे अज्ञान.

*दोन उदाहरणे :* मागणीचा अंदाज चुकल्यास काय ओढवते, हे याच कंकॉर्डच्या आरंभीच्या इतिहासावरून दिसते. १९६० नंतरच्या दशकात स्वनातीत विमानांच्या बाजारपेठेचे जे अभ्यास झाले, त्यांत प्रवाशाच्या वेळेचे मोल त्याच्या तासाच्या मिळकतीवरून धरण्याची प्रथा होती. अमेरिकेतील संरक्षण विश्लेषण संस्थेने १९६६ मध्ये केलेला अभ्यास याच धाटणीचा होता. मिळकत वाढत जाणार, म्हणून वेगासाठी जादा भाडे देणारेही वाढत जाणार, असे हे तर्कशास्त्र. कंकॉर्डसाठी सत्तराहून अधिक विमानांची पूर्वनोंदणी झाली होती. पण आवाजाच्या धमाक्यामुळे भूभागावरून स्वनातीत उड्डाणास विरोध झाला, इंधन महागले आणि जानेवारी १९७३ मध्ये पॅन अमेरिकन व ट्रान्सवर्ल्ड या कंपन्यांनी आपली नोंदणी सोडून दिली. अमेरिकेने आपला स्वतःचा प्रकल्प १९७१ मध्येच बंद केला होता. अखेर केवळ १४ विमाने प्रवासी सेवेत आली. ती दोनच कंपन्यांकडे राहिली व २००३ मध्ये निवृत्त झाली. बहुसंख्य प्रवासी सुटीसाठी जाणारे असून त्यांना तीन-चार तास वाचविण्यापेक्षा पैसे वाचविणे अधिक महत्त्वाचे वाटत होते, हे जंबो विमानांच्या स्वस्त आसनांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर याने १९७१ मध्ये ‘स्कायट्रेन’ या सेवेसाठी अर्ज केला. आगाऊ नोंदणी नाही, त्याच दिवशी तिकीट घ्यावयाचे, जेवणाचे पैसे निराळे, अशी ती योजना. प्रस्थापित कंपन्यांचा आक्षेप असा की, ही सेवा नवे प्रवासी निर्माण न करता त्यांचेच प्रवासी पळवील. लेकरचे म्हणणे होते की, तोवर कधीच विमानात न बसलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस आपला प्रवासी होईल. वाद मूलतः सांख्यिकीय होता आणि तत्कालीन विमानतळ-पाहण्यांतून त्याचा निकाल लागणे अशक्य होते; कारण जो विमानतळावर येतच नाही, तो तेथील नमुन्यात येत नाही. परवाना १९७२ मध्ये मिळाला. १९७५ मध्ये शासनाने धोरण फिरविले. १९७६ मध्ये न्यायालयाने लेकरच्या बाजूने निर्णय दिला. २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडनजवळील गॅटविकहून न्यूयॉर्ककडे पहिले उड्डाण झाले. एकेरी भाडे ५९ पौंड होते. रांगा लागल्या. मोठ्या कंपन्यांनीही ताबडतोब ऐनवेळच्या आसनांची स्वस्त भाडी काढली आणि मार्गावरील एकूण वाहतूक वाढली.

मागणीविषयीचा लेकरचा अंदाज बरोबर ठरला. तरीही ५ फेब्रुवारी १९८२ रोजी त्याची कंपनी बुडाली. कर्ज डॉलरमध्ये व उत्पन्न बरेचसे पौंडात, १९८१ मधील पौंडाची घसरण आणि प्रतिस्पर्ध्यांनी तोडीस तोड केलेली भाडेकपात ही त्याची कारणे होत. हजारो प्रवासी वाटेतच अडकून पडले. प्रवासी आहेत हे सिद्ध होणे आणि त्यांना नेणे परवडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत पहिली दाखवून दुसरी गृहीत धरली जाते.

*लवचिकता :* भाड्यातील बदलामुळे प्रवाशांच्या संख्येत जो प्रमाणशीर बदल होतो, त्याला मागणीची किंमत-लवचिकता म्हणतात. उत्तर अटलांटिकवरील अर्थमितीय अभ्यासांपैकी मटी व मुराई (१९७७) आणि स्ट्रॅसझाइम (१९७८) यांचे अभ्यास विशेष उल्लेखनीय होत. प्रथम वर्गाची मागणी भाड्याला फारशी दाद देत नाही व सवलतीच्या भाड्यांची मागणी पुष्कळ देते, असा स्ट्रॅसझाइमच्या निष्कर्षांचा रोख आहे. कॅनडाच्या अर्थखात्यासाठी गिलेन, मॉरिसन व स्ट्यूअर्ट यांनी २००२–०३ मध्ये २१ अभ्यासांतील २५४ अंदाज एकत्र केले. त्यांत दूर पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी मध्यस्थ लवचिकता व्यावसायिक प्रवाशांची –०·२६५ व पर्यटकांची –१·०४ अशी आढळली. म्हणजे भाडे १० टक्क्यांनी कमी केल्यास पर्यटक सु. १०·४ टक्क्यांनी वाढतील व उत्पन्न जवळजवळ पूर्वीइतकेच राहील. व्यावसायिक प्रवासी मात्र जेमतेम २·६५ टक्क्यांनी वाढतील व त्यांच्यापासूनचे उत्पन्न सु. ७·६ टक्क्यांनी घटेल. एकाच विमानात निरनिराळी भाडी का असतात व स्वस्त तिकिटाला किमान मुक्कामाची अट का घातली जाते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या आकड्यांचा उपयोग विद्यार्थ्याने आपल्या पाहणीची कसोटी म्हणून करावा. शंभर-दोनशे उत्तरांवरून एखाद्याने पर्यटकांची लवचिकता –४ अशी काढली असेल, तर त्याने नवा शोध लावला असण्यापेक्षा त्याच्या उत्तरदात्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला नसण्याचा संभव अधिक.

*विद्यार्थ्यांचे संशोधन :* लहान साधनांनिशी केलेले काम सर्वस्वी निष्फळ असते, असे मात्र नाही. इतरांनी काळजीपूर्वक गोळा केलेल्या पाहण्यांचे नव्याने विश्लेषण करणे हा विद्यार्थ्यांसाठी बहुधा सर्वोत्तम मार्ग होय. रूबेन ग्रोनाउ याने कोलंबिया विद्यापीठात पीएच. डी. साठी हेच केले. न्यूयॉर्क बंदर प्राधिकरणाच्या प्रवासी-पाहणीतील सामग्री घेऊन त्याने प्रवाशांच्या वेळेचे मोल काढण्याचा प्रयत्न केला. ती सामग्री अमेरिकेतील अंतर्गत प्रवासाची होती. परंतु १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने व्यावसायिक व खाजगी प्रवाशांच्या वेळेचे मोल निरनिराळे धरले पाहिजे, हे स्पष्ट केले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पीटर बेलोबाबा याने १९८७ मध्ये सादर केलेला प्रबंध मागणी व आसनांचे वाटप यांवर होता. उशिरा येणाऱ्या महागड्या प्रवाशासाठी किती आसने राखून ठेवावीत, याची त्यात दिलेली रीत विमानकंपन्यांनी व्यवहारात उतरविली.

स्वतःची पाहणी करावयाचीच असेल, तर बाजारपेठेचा आकार सांगण्याचा हव्यास सोडून एखादा लहान व नेमका गट घेणे बरे. उदा., एका विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी सुटीत घरी केव्हा व कोणत्या मार्गाने जातात. एखाद्या स्थलांतरित समाजातील कुटुंबे आप्तेष्टांच्या भेटीसाठी किती वर्षांनी जातात. अशा गटाची संपूर्ण यादी मिळू शकते, यादीवरून खरा यादृच्छिक नमुना काढता येतो आणि न गेलेल्यांनाही विचारता येते. हे शेवटचे काम मोठ्या संस्थांच्या विमानतळ-पाहण्यांना जमत नाही. इच्छेपेक्षा मागील प्रवासाविषयी विचारावे : केव्हा गेलात, तिकीट किती दिवस आधी काढले, किती पडले, कोणी भरले, दुसरा कोणता पर्याय पाहिला व तो का सोडला. मुख्य पाहणीपूर्वी वीस-तीस जणांवर प्रायोगिक पाहणी करून प्रश्न तपासून घ्यावेत. बंगालमधील ताग-पिकाच्या नमुना पाहण्यांत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३७ पासून रूढ केलेली ही पद्धत येथेही तितकीच उपयुक्त आहे.

*अंदाजांचे आयुष्य :* अटलांटिकवरील मागणी चलनाचा दर, भीती व शासकीय निर्बंध यांना फार लवकर प्रतिसाद देते. डॉलर महाग असल्यामुळे १९८५ मध्ये अमेरिकी पर्यटक यूरोपात मोठ्या संख्येने गेले. दहशतवादी हल्ले, एप्रिल १९८६ मधील लिबियावरील अमेरिकी हल्ला व चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा अपघात यांनंतर त्या उन्हाळ्यात ही संख्या एकदम घसरली. मार्चमध्ये प्रवासाचा निश्चित बेत सांगणारी माणसे जूनमध्ये घरी राहिली. त्यांनी खोटे सांगितले होते असे नव्हे. सप्टेंबर २००१ नंतरही असेच घडले. २००८ पासून यूरोपीय संघ व अमेरिका यांच्यातील खुल्या आकाशाचा करार अंमलात आला आणि कोणत्याही यूरोपीय कंपनीला संघातील कोणत्याही शहरातून अमेरिकेस उड्डाण करता येऊ लागले. २०१३ च्या सुमारास नॉर्वेजियन कंपनीने लांब पल्ल्याच्या स्वस्त सेवेचा प्रयोग पुन्हा केला; २०२१ च्या आरंभी तिने ती सेवा सोडली. मार्च २०२० मध्ये कोविड महामारीमुळे अमेरिकेने यूरोपीय प्रवाशांना प्रवेश बंद केला व ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय प्रवासी पाहणीच्या मुलाखती थांबल्या. हे निर्बंध ८ नोव्हेंबर २०२१ रोजी उठले. म्हणून या मार्गावरील कालश्रेणी वापरणाऱ्या संशोधकाला २०२०–२१ ही वर्षे वेगळी काढावी लागतात किंवा त्यांसाठी स्वतंत्र चल धरावा लागतो. अन्यथा त्या दोन वर्षांतील घट भाड्याच्या अथवा उत्पन्नाच्या नावावर मांडली जाते.